बासरीवादकाची साक्ष : दास्यविषयक ऐतिहासिक कादंबरी आणि वर्धा जिल्ह्यातील शाळा

१

ऐतिहासिक कादंबरी हे इतिहास शिकविण्याचे साधन मानावे की तो ललित वाङ्मयाचा स्वयंपूर्ण प्रकार मानावा, हा वाद मराठी समीक्षेला नवा नाही. रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' १८७१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून तो या ना त्या रूपाने चालत आलेला आहे. मात्र या वादात एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. मराठी ऐतिहासिक कादंबरीने गड, स्वाऱ्या, निष्ठा आणि फितुरी यांचे विश्व समर्थपणे उभे केले. पेशवाईच्या कागदपत्रांत ज्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आढळतात, त्या बटकी व कुणबिणी मात्र या विश्वात बहुधा पाणी आणण्यापुरत्या किंवा निरोप पोचविण्यापुरत्याच येतात. परिणामी 'गुलाम' हा शब्द उच्चारताच मराठी विद्यार्थ्याच्या मनात जे चित्र उभे राहते, ते परदेशाचे असते. मलिक अंबर हा बालपणी विकला गेलेला हबशी होता हे तो इतिहासाच्या तासाला वाचतो. परंतु त्याच्या स्मरणात राहतो तो निजामशाहीचा कर्तबगार वजीर. विकले जाणे ही केवळ एका पराक्रमी आयुष्याची प्रस्तावना ठरते.

अशा स्थितीत दास्याचा विषय वाङ्मयाच्या द्वारे वर्गात आणावयाचा, तर परकीय कादंबरीचा आधार घेणे प्राप्त होते. हा आधार कोणता असावा, आणि पूर्वी मध्यप्रांतात 'मिडल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या मुलामुलींपुढे, तो कोणत्या रीतीने ठेवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विचारासाठी स्थळ घेतले आहे ते वर्धा जिल्ह्याचे. नई तालीमची जन्मभूमी म्हणून या जिल्ह्याचे नाव शिक्षणशास्त्रात रूढ आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण असे की, अमेरिकेतील दास्य आणि या जिल्ह्याची काळी माती यांचा संबंध केवळ उपमेचा नाही. तो व्यवहाराचा आहे. तो कसा, हे पुढे स्पष्ट होईल.

२

पॉला फॉक्स या अमेरिकन लेखिकेची 'द स्लेव्ह डान्सर' ही कादंबरी १९७३ साली प्रसिद्ध झाली व १९७४ साली तिला बालवाङ्मयासाठी दिले जाणारे न्यूबेरी पदक मिळाले. कथेचा काळ १८४० चा. परदेशातून गुलाम आणण्यास अमेरिकेने १८०८ पासूनच बंदी घातली होती. म्हणजे येथे चित्रित झालेला व्यापार हा त्या काळच्या कायद्यानेही चोरटा व्यापार आहे. न्यू ऑर्लिन्स शहरात शिवणकामावर गुजराण करणाऱ्या विधवेचा तेरा वर्षांचा मुलगा जेसी बोलियर हा लहानशी आडवी बासरी वाजवून चार पैसे मिळवीत असतो. ही बासरीच त्याचा घात करते. 'मूनलाइट' नामक जहाजावरील माणसे त्याला पळवून नेतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून भरून आणलेल्या बंदिवानांना डेकवर काढून त्यांच्या शरीराला हालचाल घडवावयाची, म्हणजे बाजारात त्यांची किंमत उतरणार नाही, हा जहाजावरचा प्रघात. आणि त्या 'नाचा'साठी बासरी वाजविणे हे जेसीचे काम.

कादंबरीचे सारे सामर्थ्य या एका योजनेत साठलेले आहे. जेसी स्वतः पळविलेला आहे, त्याला घरची ओढ आहे, वाजविण्यास नकार दिल्याबद्दल त्याला फटकेही खावे लागतात. या अर्थाने तो बळी आहे. परंतु बासरी त्याच्याच ओठांवर आहे आणि त्या सुरांवर साखळदंडांतील पावले उचलली जात आहेत. या अर्थाने तो साधन आहे. लेखिका एवढ्यावर थांबत नाही. एका टप्प्यावर जेसीला त्या बंदिवानांचाच द्वेष वाटू लागतो. त्यांच्या अस्तित्वामुळेच आपल्यावर ही पाळी आली, असे त्याला वाटते. अन्याय करणाऱ्याविरुद्ध उठता येत नाही, तेव्हा मन अन्याय सोसणाऱ्यावर उलटते. हे मानवी सत्य मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात इतक्या निर्भीडपणे क्वचितच मांडले गेले असेल. पुढे एक द्वेष्टा खलाशी त्याची बासरी तळघरात टाकतो. ती शोधण्यासाठी दाटीवाटीने पडलेल्या माणसांच्या अंगांवरून जेसीला चालावे लागते, आणि खालच्या लोकांपैकीच एकाकडून ती त्याला परत मिळते.

शेवटी गस्तीच्या जहाजाची चाहूल लागताच कप्तान जिवंत माणसे समुद्रात लोटण्याचा हुकूम सोडतो; वादळात जहाज बुडते; जेसी आणि रास नावाचा बंदिवान मुलगा एवढेच दोघे मिसिसिपीच्या किनाऱ्याला लागतात. डॅनियल नावाचा, स्वतःच मालकापासून पळून आलेला एक वृद्ध त्यांना आश्रय देतो, रासला उत्तरेकडे धाडण्याची व्यवस्था करतो व जेसीला घरची वाट दाखवितो. उपसंहारात प्रौढ जेसी सांगतो ते एवढेच की, संगीत ऐकणे त्याला आयुष्यभर असह्य झाले. कोणतेही वाद्य वाजले की त्याला फरफटणारी पावले ऐकू येतात. पापाचे प्रायश्चित्त, हृदयपरिवर्तन, सर्वांचे कल्याण अशा ठरीव शेवटांपैकी एकही येथे नाही. ज्या गोष्टीवर त्याची उपजीविका होती, ती गोष्ट कायमची नासली, एवढीच त्याची साक्ष आहे.

३

या कादंबरीचे मोल जाणण्यासाठी मराठी बालवाचकाची घडण लक्षात घ्यावी लागते. 'श्यामची आई' (१९३५) पासून मराठी मुलांच्या वाचनाचा प्रधान संस्कार करुणेचा आहे. दुसऱ्याच्या दुःखाने डोळे भरून येणे ही सहृदयतेची खूण मानली गेली आणि ती योग्यच होती. अमेरिकेतील दास्याची ओळख पुष्कळ मराठी मुलांना ज्या पुस्तकाने करून दिली, ते वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' (१९८१) हे चरित्रही याच संस्काराला धैर्याची जोड देते. गुलाम मातेच्या पोटी जन्मलेला अनाथ मुलगा शास्त्रज्ञ होतो, ही कथा वाचकाला उन्नत करते. तथापि, तिच्या रचनेतच दास्य हे ओलांडून जावयाचे आरंभस्थान असते. वाचक स्वतःला कार्व्हरच्या जागी पाहतो. मालकाच्या किंवा जवळ उभे राहून पाहणाऱ्याच्या जागी तो स्वतःला पाहत नाही, आणि तशी अपेक्षाही चरित्राने केलेली नसते.

'द स्लेव्ह डान्सर' नेमकी तीच अपेक्षा करते. ती वाचकाकडून अश्रू मागत नाही. तो कोठे उभा आहे एवढेच त्याला विचारते. करुणेने वाचक अन्यायापासून स्वतःला वेगळा काढू शकतो. साक्षीदाराच्या भूमिकेत त्याला तशी मुभा नसते. बारा-तेरा वर्षांचे वय हे न्याय-अन्यायाची जाणीव तीव्र होण्याचे, पण स्वतःच्या सोयीची नवी कारणे शोधण्याचेही वय आहे. म्हणून या वयासाठी या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे.

या कादंबरीवर अमेरिकेतच एक गंभीर आक्षेप घेतला गेला आणि तो डावलता येत नाही. जहाजावरील बंदिवान हे येथे जवळजवळ निनावी व मूक समूह आहेत. नाव मिळते ते रासला, आणि तेही जहाज बुडाल्यानंतर. दास्याच्या कथेचा केंद्रबिंदू गोऱ्या मुलाची वेदना व्हावा, यात अन्यायाची पुनरावृत्तीच आहे, असे आक्षेपकांचे म्हणणे. कथेचा निवेदक बंदिवानांची भाषा जाणत नाही, म्हणून त्यांचे मौन ही निवेदनाची मर्यादा आहे, लेखिकेची नव्हे, असे त्यावर उत्तर देता येईल. हे उत्तर कलादृष्ट्या ग्राह्य आहे. अध्यापनदृष्ट्या ते अपुरे आहे. ज्या वर्गात विद्यार्थ्यांपुढे ही एकच कादंबरी येईल, त्या वर्गात ते मौन कलेचे न राहता वस्तुस्थितीचे वाटू लागेल.

म्हणून तिच्या जोडीला गॅरी पॉल्सन यांच्या 'नाइटजॉन' (१९९३) या छोट्या कादंबरीतील काही भाग ठेवणे अगत्याचे आहे. तेथे बोलते ती सार्नी ही गुलाम मुलगी. उत्तरेत मुक्त झालेला जॉन केवळ अक्षरे शिकविण्यासाठी दास्यात परत येतो. सार्नी त्याच्याकडून एकेक अक्षर मिळविते आणि त्या अक्षरांची किंमत त्याला स्वतःच्या पायाची बोटे देऊन चुकवावी लागते. दक्षिणेकडील अनेक राज्यांनी १८३१ नंतर गुलामांना लिहावाचावयास शिकविण्याविरुद्ध कडक कायदे केले होते, ही या कथेची ऐतिहासिक पार्श्वभूमी होय. १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा उघडणाऱ्या फुले दांपत्याची कथा ज्या मुलांनी ऐकलेली आहे, त्यांना अक्षर हा गुन्हा कसा ठरतो हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

४

येथे उपमेचा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेतील दास्य आणि येथील सामाजिक विषमता यांची तुलना महाराष्ट्रात जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील निग्रोंच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले व आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. परंतु अर्पणपत्रिका संपताच पुस्तक सर्वस्वी येथील समाजाविषयी बोलू लागते, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे गुलामगिरी व अस्पृश्यता यांची तुलना केली ती साम्य दाखविण्यासाठी नव्हे, भेद दाखविण्यासाठी. दास्य उघड असते, दासाला आपले दास्य ठाऊक असते. अस्पृश्यता ही आडवाटेने लादलेली व म्हणून ओळखण्यास अधिक कठीण अशी गुलामी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

वर्धा जिल्ह्याला या तुलनेचा एक प्रत्यक्ष प्रसंग लाभलेला आहे. ज्यांचे आईवडील दास्यात जन्मले होते, ते अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन मेज हे १९३६ सालच्या अखेरीस भारतात आले असता गांधीजींना भेटण्यासाठी वर्ध्यास आले होते. ज्या शेगावात गांधीजी त्याच वर्षी राहावयास गेले, त्याचे सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये पडले. त्याच प्रवासात दक्षिणेकडील एका अस्पृश्य मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी मेज यांचा परिचय 'अमेरिकेतील एक अस्पृश्य' अशा अर्थाने करून दिला. प्रथम आपल्याला धक्का बसला आणि मग ते वर्णन यथार्थ असल्याचे पटले, असे मेज यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. या प्रसंगाचा बोध अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने मोलाचा आहे. येथे उपमा पाहुण्याने यजमानांना दिली नाही; यजमानांनी ती पाहुण्याला दिली, आणि तिने त्याला स्वतःकडे पाहावयास लावले. जी उपमा बोलणाऱ्याकडे किंवा ऐकणाऱ्याकडे परत येते ती सार्थ. जी केवळ दूरच्या दुःखावर चिकटविली जाते ती अलंकारमात्र.

वर्गात या अलंकाराचे धोके दोन. पहिला, दूरत्वाचा : गुलामगिरी ही अमेरिकेत होती व १८६५ साली घटनादुरुस्तीने संपली, असे टिपण वहीत उतरवून विद्यार्थी मोकळा होतो. दुसरा, घाईच्या समीकरणाचा : 'आपल्याकडील सालदार म्हणजे गुलामच' असे विधान शिक्षक करतो व विद्यार्थी पाठ करतात. पहिल्यात इतिहास हरवतो. दुसऱ्यात माणूस हरवतो. कारण विदर्भातील वर्गात एकाच बाकावर सालदार ठेवणाऱ्याचा मुलगा आणि सालदाराचा मुलगा शेजारी बसलेले असू शकतात. पाडव्याला ठरणारे साल, घेतलेली उचल, न फिटलेल्या उचलीपोटी पुढच्या वर्षाचे बांधले जाणे, या गोष्टी त्यांपैकी एकाला ऐकून ठाऊक असतात, दुसऱ्याला भोगून. त्या दुसऱ्यास सर्वांदेखत 'गुलामाचा मुलगा' ठरविणारे अध्यापन दास्याविरुद्धचे अध्यापन नव्हे.

५

या दोन्ही धोक्यांतून वाट काढता येते, आणि ती वर्ध्यातच दाखविली गेली आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून व डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून नई तालीमची जी योजना आकारास आली, तिचे मध्यवर्ती तत्त्व समवाय हे होय. हस्तव्यवसाय आणि विषयज्ञान यांची सांगड बाहेरून घालावयाची नाही. हाती असलेल्या कामातूनच प्रश्न उद्भवले पाहिजेत व त्या प्रश्नांतून ज्ञान. आशादेवी व आर्यनायकम् यांच्या मार्गदर्शनाखाली सेवाग्रामच्या शाळेत कापूस हा असा मध्यवर्ती विषय होता. सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, टकळीवर कातणे या क्रियांतून गणित, भूगोल आणि इतिहास यांकडे जाण्याचा तो मार्ग होता.

दास्याच्या कादंबरीपर्यंतही तोच मार्ग जातो. जेसीचे न्यू ऑर्लिन्स हे त्या काळी कापसाच्या निर्यातीचे मोठे बंदर होते. तो किनाऱ्याला लागतो ते मिसिसिपी हे कापूस पिकविणारे राज्य. १८६० च्या खानेसुमारीत अमेरिकेतील गुलामांची संख्या सुमारे चाळीस लाख भरली आणि त्यांच्या श्रमाचा मोठा भाग कापसाच्या मळ्यांत खर्च होत होता. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस तेथून येई. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात हा पुरवठा तुटला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या, आणि इंग्रज व्यापाऱ्यांचे डोळे वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे वळले. भाव भडकले, हिंगणघाटच्या कापसाचे नाव दूरवर पोचले. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६२ साली, या युद्धाच्या ऐन मध्यात. आणि मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपुरास पोचली १८६७ साली. युद्ध संपताच भाव कोसळले आणि चढ्या भावाच्या भरवशावर काढलेली कर्जे मात्र मागे राहिली.

हा धागा हाती आला म्हणजे तुलनेचे स्वरूपच पालटते. 'तेथील गुलाम येथील कोणासारखा?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'तेथील गुलामाच्या कापसाची जागा येथील कोणाच्या कापसाने घेतली, त्याचा पैसा कोणाकडे गेला?' हा प्रश्न पुढे येतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलाला कोणाकडे तरी बोट दाखवून द्यावे लागते. दुसऱ्याचे उत्तर त्याला शोधावे लागते. ज्या मुलीने आईबरोबर वेचणीला जाऊन कमरेच्या ओटीत कापूस गोळा केला आहे आणि वजनावर मिळणारी मजुरी मोजली आहे, ती या शोधात अधिकारवाणीने बोलू शकते. तिचा अनुभव येथे लाजेचा विषय राहत नाही. तो पुराव्याचा विषय होतो.

६

प्रत्यक्ष अध्यापनात या विचाराचा अर्थ काय? मूळ इंग्रजी पाठ मराठी माध्यमातील या वयाच्या मुलांना झेपणारा नाही. तेव्हा निवडक प्रसंगांचे मराठीत कथन व वाचन हाच मार्ग. प्रसंग निवडताना क्रौर्याचे तपशील वगळावेत, असे सुचविले जाईल. वगळण्यास हरकत नाही. सौम्य करण्यास आहे. तळघरात बासरी शोधण्याचा प्रसंग गाळला, तर पुस्तक राहते. तो गोड केला, तर राहत नाही.

याहून महत्त्वाचे आहे ते प्रश्न विचारण्याचे धोरण. आपल्या पाठ्यपुस्तकांना तात्पर्याची सवय आहे. 'या पाठातून तुम्ही काय शिकलात?' या प्रश्नाला 'कोणालाही गुलाम करू नये' हे उत्तर येते, पूर्ण गुण मिळतात व विषय संपतो. या कादंबरीला असा प्रश्न मारक आहे. तिला मानवणारे प्रश्न निराळे : जेसीने बासरी वाजविणे कोणत्या दिवसापासून त्याचे स्वतःचे कृत्य झाले? नकार दिल्यावर फटके त्याला बसले. पण वाजविल्यावर नाचावे कोणाला लागले? ज्यांच्यामुळे आपण अडकलो नाही, त्यांचाच राग त्याला का आला? या प्रश्नांची उत्तरे मुले जेसीविषयी देतील. ती देताना आपल्या गावातील कशाची आठवण त्यांना झाली, हे शिक्षकाने विचारू नये. आठवण होणे हे वाङ्मयाचे कार्य आहे. ती वर्गात उघड करावयाची की मनाशी ठेवावयाची, हा विद्यार्थ्याचा अधिकार आहे. कल्पित कथेचे दूरत्व येथे पळवाट ठरत नाही, उलट आडोसा ठरते. त्या आडोशाला उभे राहून सालदाराचा मुलगा स्वतःचे नाव न घेता बोलू शकतो, आणि मालकाचा मुलगा आरोपी न होता ऐकू शकतो.

कायद्याचा भाग त्यानंतर यावा. ब्रिटिश अमलात १८४३ च्या पाचव्या कायद्याने दास्याला असलेली न्यायालयीन मान्यता काढून घेतली. भारतीय संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. आणि तरीही १९७६ साली वेठबिगार पद्धती नष्ट करणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. या तीन सालांमधील अंतर मोजणे हे आठवीतील मुलाला कठीण नाही. कायदा झाल्यावरही व्यवहार का टिकतो, हा प्रश्न मात्र त्याला कादंबरी वाचल्यावाचून नीट पडणार नाही. कारण 'मूनलाइट' हे जहाजदेखील बंदीनंतर बत्तीस वर्षांनी समुद्रात होते.

वाङ्मय इतिहासाची जागा घेऊ शकत नाही आणि नीतिपाठाचीही घेऊ शकत नाही. दास्यविषयक कादंबरीने करावयाचे कार्य याहून मर्यादित, पण अधिक कठीण आहे. अन्यायाच्या जागी केवळ दोन माणसे नसतात, बासरी वाजविणारा एक तिसराही असतो, हे तिने दाखवून द्यावयाचे आहे. तो तिसरा पुष्कळदा लहान असतो, निरुपाय असतो, आणि त्याचे सूर चांगलेही असतात. वर्धा जिल्ह्यातील वर्गात ही कादंबरी शिकविल्याचे सार्थक तिच्या नायकासाठी किती डोळे पाणावले यावर ठरणार नाही. पुढील पाडव्याला ओसरीवर सालाचा करार ठरत असताना, आतापर्यंत केवळ जवळून जाणारे एखादे मूल क्षणभर तेथे थांबले, तर तेवढे पुरे आहे.